हाताला बसेल तेच हत्यार!

बालमित्रांनो, दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं कशी सामसूम होतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. निघण्याआधी प्रत्येक जण आपला कोयता तपासतो. धार लावून घेतो, मूठ नीट करतो. दुसऱ्याचा कोयता हाती आला तर काम रेंगाळतं नि हाताला फोड येतात. हत्यार आपल्या हाताला बसायला हवं!

तुम्ही म्हणाल, "बाई, कोयत्याचा नि कॉम्प्युटरचा काय संबंध?" आहे, बरं का! प्रोग्रॅम लिहायलाही एक हत्यार लागतं. त्याचं नाव टेक्स्ट एडिटर.

पुष्कळ मुलं पहिला प्रोग्रॅम पत्रं-अर्ज लिहायच्या वर्ड प्रोसेसरमध्येच लिहितात आणि अडकतात. कारण तो सरळ अवतरणचिन्हं आपणहून वाकडी, गोलसर करतो. पत्रात ती छान दिसतात, पण प्रोग्रॅममध्ये कॉम्प्युटरला ती चालत नाहीत. एडिटर मात्र तुम्ही लिहिलं तेवढंच जपून ठेवतो. मग त्यात अक्षरं रंगीत का दिसतात? ते रंग फक्त पडद्यावर असतात, चूक पकडायला. एखादं अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं, की पुढच्या मजकुराचा रंग बदलतो. लगेच कळतं, इथं घोटाळा झालाय!

आता निवडायचा कोणता? विंडोजवर सुरुवात करायला 'नोटपॅड प्लस प्लस' सोपा. तो 2003 साली आला. त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात. 2015 साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या 'व्हीएस कोड'ला हवे तेवढे जोड लावता येतात, पण जुन्या, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवर तो रेंगाळतो. तिसरा 'व्हिम'. हा थोडा हट्टी! उघडल्यावर आधी 'आय' हे अक्षर दाबायचं, तेव्हा कुठे लिहिता येतं. पण एकदा सवय झाली, की हात माउसकडे जातच नाही.

व्हिमची एक गोष्ट सांगते. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी तो 1991 साली लोकांना दिला. त्याची किंमत घेतली नाही. 'आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा' एवढंच मागितलं. 2023 साली ते वारले, पण त्यांचा एडिटर आजही जगभर वापरला जातो.

एडिटर घेतला, की तो हाताला बसवायचा. त्यासाठी चार गोष्टी करा. अक्षरं डोळ्यांना ताण न देणारी, मोठी ठेवा. ओळींचे क्रमांक सुरू करा, म्हणजे "सातव्या ओळीत चूक" असं कॉम्प्युटर म्हणाला तर शोधाशोध नको. टॅबच्या जागी चार मोकळ्या जागा पडतील असं करा, कारण पायथन भाषेत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. आणि फाइल 'यूटीएफ-8' या पद्धतीने साठवा, म्हणजे मराठी अक्षरांची चौकटी-चौकटींची रांग होणार नाही.

आणि यातली खरी गंमत ऐका. व्हिममध्ये ही सगळी मांडणी एका लहानशा फाइलमध्ये राहते. ती पेनड्राइव्हवर घेतली, की झालं! तुमच्यापैकी कुणी हंगामी वसतिगृहात राहतं, कुणी आजीकडे, कुणाची शाळा मध्येच बदलते. कॉम्प्युटर बदलला, तरी त्यावर व्हिम असला की ती फाइल तिथे ठेवायची. तुमचं हत्यार पुन्हा तुमच्या हाताला बसलेलं!

पालकांनो, हे तिन्ही एडिटर फुकट मिळतात. भारी कॉम्प्युटर नाही म्हणून मुलांना थांबवू नका. पहिला नि तिसरा जुन्या यंत्रावरही चालतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात.

मात्र रोज नवा एडिटर बदलत बसू नका हं! एकच घ्या, महिनाभर वापरा.

तर मग, लागा कामाला! आपलं नाव मराठीत छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅम लिहा. मग शेवटचं अवतरणचिन्ह मुद्दाम पुसा आणि रंगांचं काय होतं ते पाहा. उत्तर मी सांगणार नाही, तुमचा एडिटरच सांगेल!