खाऱ्या पाण्याला धातूचंच रीळ?

‘समुद्रात मेटल बॉडीच टिकते, ग्रॅफाइट म्हणजे शेवटी प्लॅस्टिक.’ विरारच्या दुकानात हे ऐकावं, राजोडीच्या वाळूत ऐकावं, वसईच्या खाडीवर गळ टाकून बसलेल्या शेजाऱ्यानेही न विचारता ऐकवावं. नवखा माणूस मग ऐपतीबाहेरचं धातूचं रीळ घेतो. वर्षभरात त्याच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी धरते. तरी सल्ला तोच! ‘कंपनीचा माल खराब निघाला’ एवढंच त्यात वाढतं.

मुळात खारं पाणी खातं कशाला? धातूला. नायलॉनला मीठ गंजवू शकत नाही. रिळाची धातूची बॉडी म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम. त्यावर ॲनोडायझिंगचा आणि रंगाचा थर असतो आणि तो शाबूत आहे तोवर काळजी नाही. अर्नाळ्याच्या खडकावर रीळ एकदा घासटलं की थर जातो आणि उघडं ॲल्युमिनियम मिठाच्या तावडीत सापडतं. भरीला स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे विजेचा घट तयार. या घटात झिजतं ते ॲल्युमिनियम, स्टील नव्हे. ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेली बॉडीच. मॅग्नेशियमच्या हलक्या, महागड्या बॉड्या तर याबाबतीत ॲल्युमिनियमहून नाजूक. म्हणजे ‘खारं पाणी म्हणून धातू’ हा सल्ला नेमका उलटा आहे.

आता ‘प्लॅस्टिक’ या शिवीबद्दल. रिळाचं ग्रॅफाइट पेन्सिलीतलं नाही. नायलॉनसारख्या प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळून ते साच्यात ओततात. तेव्हा प्लॅस्टिक आहेच, कबूल. पण पाचूबंदरला लागलेल्या फायबरच्या होड्या कशाच्या आहेत? त्याही काचेचे तंतू घातलेल्या प्लॅस्टिकच्याच. त्यांच्यात बसून लोक भर समुद्रात जातात आणि ‘शेवटी प्लॅस्टिकच’ म्हणून धक्क्यावर परत उतरत नाहीत. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर शिमानो कंपनीच्या स्ट्रॅडिक मालिकेच्या जुन्या किमती बघा. त्यात धातूच्या बॉडीच्या स्ट्रॅडिकपेक्षा कार्बन-प्लॅस्टिकच्या ‘सीआय-४ प्लस’ बॉडीची स्ट्रॅडिक महाग होती.

तरीही या गैरसमजाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ती म्हणजे ताठपणा. ॲल्युमिनियमचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास, कार्बन घातलेल्या नायलॉनचा ढोबळमानाने १५ ते २५. वजन मात्र त्याच आकारमानाला सुमारे निम्मं. जोर आला की ग्रॅफाइटची बॉडी जास्त वाकते. बॉडी वाकली की आतल्या मोठ्या गिअरचे आणि पिनियनचे दाते नीट बसत नाहीत, हँडल फिरवताना करकर हाताला लागते आणि दाते झिजू लागतात. बॉडी मोडणं दुर्मीळच. रीळ मरतं ते आतून, गिअर खराब होऊन.

मग प्रश्न उरतो तो आपल्याकडे रिळावर जोर येतो किती याचा. जिताड्यासाठी इथे बरेच जण ३० पौंडी ब्रेडेड लाइन भरतात, म्हणजे साधारण साडेतेरा किलोची. ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रिळातून लाइन सुटू लागते तो, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश लावावा असा जुना, जगभर पाळला जाणारा नियम आहे. म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. हे किती होतं ते घरीच बघा. प्रवासाची बॅग मोजायचा काटा दाराच्या कडीला अडकवा, लाइनचं टोक त्याला बांधा आणि काठी उचलून ओढा. तीन किलोला काठी चांगली कमान होते, मनगट बोलू लागतं. खोक्यावर छापलेला ‘१५ किलो ड्रॅग’ मग हास्यास्पद वाटतो. तेवढा ड्रॅग लावलात तर आधी तुमची गाठ सुटेल, नाहीतर लाइन तुटेल. चार किलोला चांगल्या प्रतीची ग्रॅफाइट बॉडी आरामात पुरते. किनाऱ्यावरून रावस, शिंगाळा, मध्यम जिताडा धरणाऱ्याला त्यापुढे जायची वेळ क्वचितच येते.

रिळं खरी मरतात ती मासा लागल्यावर नव्हे, गळ खडकात किंवा कालवांत अडकल्यावर. मंडळी काठी वाकवून, ड्रॅग आवळून हँडल गरागरा फिरवतात. रीळ म्हणजे काही विहिरीवरचा रहाट नाही. गळ अडकला तर काठी लाइनच्या सरळ रेषेत धरा, लाइन लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि मागे चालत जा. मोठ्या माशालाही हँडलने ओढायचं नसतं. काठी उचलून मासा जवळ घ्यायचा आणि काठी खाली आणताना सैल झालेली लाइन भरायची. एवढं जमलं की बॉडी कशाची हा प्रश्न निम्मा मिटतो.

धातू कुणी घ्यावा? जे होडीने खोल पाण्यात जातात, ५०-८० पौंडी लाइनवर आठ-दहा किलोचा ड्रॅग लावतात, ट्युना किंवा मोठ्या हेकरूच्या मागे असतात, त्यांनी जरूर घ्यावा. तिथे ताठपणा कामाला येतो आणि त्याचे पैसे मोजणं रास्त आहे. दिवसभर लुअर फेकणाऱ्याला मात्र रिळातले पन्नास ग्रॅम कमी झालेले संध्याकाळी खांद्यात कळतात.

ग्रॅफाइटवाल्यांनी फार खूश होऊ नये. स्वस्त खोक्यावरचं ‘ग्रॅफाइट’ पुष्कळदा काचेचे तंतू घातलेलं, नाहीतर निव्वळ प्लॅस्टिक असतं. दुकानातच रीळ काठीला लावा, ड्रॅग पूर्ण आवळा, लाइन हाताला फडकं गुंडाळून ओढा आणि रिळाचा पाय बॉडीला जिथे मिळतो तिथे नजर ठेवा. ती मान डोळ्यांना दिसेल इतकी झुकत असेल, तर खोकं बंद करून परत द्या. काही जण चुंबक लावून पारख करतात. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि ग्रॅफाइटलाही नाही, त्यामुळे त्यातून कळतं ते शून्य. शिवाय ‘फुल मेटल’ लिहिलेल्या कित्येक रिळांचा रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, ग्रॅफाइटचाच असतो.

‘ग्रॅफाइट गंजत नाही, मग धुवायचं कशाला?’ हाही तितकाच घातक समज. बॉडी नाही गंजत, पण बेअरिंगं, पिनियन, बेलची स्प्रिंग, स्क्रू हे सगळं धातूचंच की! बहुधा सगळ्यात आधी जाम होतं ते लाइन रोलरमधलं चिमुकलं बेअरिंग, कारण भिजलेली लाइन त्याच्यावरूनच जाते. धुताना ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी वॉशरांत शिरणार नाही. नळाची हलकी धार सोडा. जोराचा पाइप मीठ आणि वाळू आत ढकलतो आणि बादलीत बुडवून ठेवणं त्याहून वाईट. वसईच्या किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथल्या बऱ्याच विहिरी आता मचूळ झाल्या आहेत. त्या पाण्याने धुतलं तर सुकल्यावर मीठ पुन्हा तिथेच. नळाला सूर्या किंवा उसगाव धरणाचं पाणी येत असेल तर तेच वापरा, नसेल तर पिण्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा.

बाकीचे समज थोडक्यात. ‘जास्त बेअरिंगं म्हणजे चांगलं रीळ’: बारा हलक्या बेअरिंगांपेक्षा पाच सीलबंद बेअरिंगं बरी. ‘मोठं रीळ लांब फेकतं’: लांब जातं ते बारीक लाइनमुळे आणि काठोकाठ भरलेल्या स्पूलमुळे. ‘डब्ल्यूडी-४० मारलं की सर्व्हिसिंग झालं’: नावातला ‘डब्ल्यूडी’ पाणी हटवण्यासाठीचा आहे. तो फवारा गिअरवरचं ग्रीस पातळ करून धुऊन काढतो, त्यामुळे मारलाच तर पुसून नवं ग्रीस लावावं लागतं. आणि धुण्यासाठी आवळलेला ड्रॅग रीळ सुकल्यावर सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.