एआय एजंटाच्या साधनांचें वर्णन कसें लिहावें

शेतीविषयक प्रश्नांस उत्तरें देणारे एआय साहाय्यक आतां आपल्या परिचयाचे होऊं लागले आहेत. पी. एम. किसान योजनेच्या चौकशीसाठीं केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झाला. महाराष्ट्राच्या कृषि विभागाचें ‘महाविस्तार’ २०२५ सालीं आलें. ज्या सहकारी संस्थांस आपल्या सभासदांकरितां असा एजंट करवून घ्यावयाचा असेल, त्यांच्या चालकांनीं एका कामांत तरी स्वतः लक्ष घालावें असें आम्हांस वाटतें. तें काम म्हणजे साधनांचें वर्णन लिहिणें.

एजंटाच्या मुळाशीं जें भाषा-मॉडेल असतें, त्यास आजचा कांद्याचा दर स्वतः ठाऊक नसतो. तो आणण्यासाठीं त्यास कांहीं साधनें, ज्यांस टूल म्हणतात तीं, जोडून द्यावीं लागतात. एक साधन बाजारभाव आणतें, दुसरें हवामान, तिसरें खताचा हिशेब करतें. प्रत्येक साधनाचें नांव, साध्या भाषेंतील वर्णन व त्यांत काय काय भरावयाचें त्याची यादी मॉडेलापुढें ठेवतात. अँथ्रॉपिकनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलांतही हेच तीन भाग मुख्य आहेत. साधनाच्या आंत प्रोग्राम कसा चालतो हें मॉडेलास दिसत नाहीं. कोणतें साधन घ्यावें, त्यांत काय भरावें, आलेल्या उत्तराचा अर्थ काय करावा, हें सर्व तें त्या चार ओळींवरून ठरवितें. नवा गडी कितीही हुशार असला, तरी ‘वरच्या रानांत औषध मार’ एवढेंच सांगून आपण त्यास पाठवीत नाहीं. कोणतें औषध, किती पाण्यांत, कोणत्या वाफ्यापर्यंत, हें सांगतों.

‘बाजारभाव देतें’ असें वर्णन पुष्कळ ठिकाणीं पुरेसें समजलें जाईल. तें पुरेसें नाहीं. ॲगमार्कनेटवर लासलगांव, निफाड व विंचूर यांच्या नोंदी निराळ्या असतात. सभासद मात्र नुसतें ‘लासलगांव’ म्हणतो. दर क्विंटलाचा असतो, आणि तोही किमान, कमाल व सर्वसाधारण असा तीन प्रकारचा. त्या दिवशीं लिलाव बंद असला तर साधन काय उत्तर देतें? हें लिहिलेलें नसेल, तर मॉडेल परवांचा दर आजचा म्हणून सांगूं शकतें, व त्यावर विसंबून एखादा टेंपो भाड्यानें घेऊन निघतो. म्हणून वर्णन असें असावें:

‘एका बाजार समितींतील एका शेतमालाचा एका दिवसाचा नोंदलेला घाऊक दर देतें. दर रुपयांत, क्विंटलास. किमान, कमाल व सर्वसाधारण. लासलगांव, निफाड व विंचूर निराळे आहेत. माल कोठें न्यावयाचा हें शेतकऱ्यानें सांगितलें नसेल तर आधीं विचारावें. लिलाव झाला नसेल तर उत्तर रिकामें येतें. मग मागील दिवसाचा दर मागवून तो तारखेसह सांगावा. पुढें दर काय होईल हें या साधनानें कळत नाहीं.’

शेवटचें वाक्य बहुधा गाळलें जातें. परंतु साधन काय करीत नाहीं, हें सांगितल्यावांचून मॉडेलास त्याची मर्यादा कळावी कशी?

खताच्या साधनांत चूक याहून महाग पडते. विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरीं व अन्नद्रव्यांच्या किलोंत असतात. शेतकरी एकर व पोतीं यांत बोलतो. समजा, शिफारस हेक्टरीं १०० किलो नत्राची आहे. एकराला तें सुमारें ४० किलो झालें. युरियांत नत्र ४६ टक्के, तेव्हां सर्व नत्र युरियानें द्यावयाचें झाल्यास एकरीं सुमारें ८७ किलो, म्हणजे ४५ किलोचीं दोन पोतीं पुरीं नव्हेत. मॉडेलानें हेक्टराचा आंकडा एकराचा समजला, कीं तेच २१७ किलो, पांच पोत्यांच्या जवळपास! पैसा जातो, आणि पीकही नुसतें पाल्यावर जातें. यादींत ‘क्षेत्र’ असें मोघम नांव न देतां ‘क्षेत्र हेक्टरांत’ असें द्यावें. शेतकरी एकर किंवा गुंठे सांगेल, तर १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर व १ एकर म्हणजे ४० गुंठे, असें तेथेंच लिहावें. उत्तर नत्राचें आहे कीं युरियाचें, हेंही.

दोन साधनें एकमेकांसारखीं असतील, तर कोणतें केव्हां घ्यावें हें दोहोंच्याही वर्णनांत असावें. वर्णन फार लांबवूंही नये, कारण संभाषणाच्या वेळीं सर्वच साधनांचीं वर्णनें मॉडेलापुढें असतात व महत्त्वाची ओळ त्या गर्दींत हरवते. जें साधन नोंदणी करतें किंवा पैसे पाठवितें, तेथें मात्र वर्णनावर भिस्त न ठेवतां सभासदाची संमति घेण्याची सोय प्रोग्रामांतच करवून घ्यावी.

हीं वर्णनें प्रोग्राम लिहिणाऱ्यानें एकट्यानें लिहूं नयेत. मोंढ्यावर बसणारा संस्थेचा कारकून त्याच्या शेजारीं असावा. लिहून झाल्यावर सभासदांचे खरेखुरे वीस प्रश्न, त्यांच्याच बोलींत, एजंटास घालावे, प्रत्येक वेळीं त्यानें कोणतें साधन घेतलें व त्यांत काय भरलें तें पाहावें, आणि जेथें तो चुकेल तेथें आधीं वर्णनांतील शब्द बदलून पुन्हां तोच प्रश्न विचारावा.