चिऊताईच्या दाराबाहेर

विषय काय घेणार, असं संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘चिऊ-काऊची गोष्ट.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, ‘पूर्ण व्याख्यान त्याच्यावरच?’ तर हो, त्याच्यावरच. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट येते. बहुतेकांनी ती वाचलेली नाही, ऐकलेली आहे. आणि तरीसुद्धा आपल्या सगळ्यांची गोष्ट एकच नाही, हे थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येईल.

आधी गोष्ट थोडक्यात. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. एके दिवशी धो धो पाऊस येतो. शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं. भिजलेला, कुडकुडणारा कावळा चिमणीच्या दाराशी येतो आणि दार उघडायला सांगतो. चिमणी आतून म्हणते, थांब जरा, बाळाला न्हाऊ घालते आहे. कावळा पुन्हा हाक मारतो. आता बाळाचं अंग पुसायचं आहे. मग काजळ-तीट, मग अंगडं-टोपडं, मग झोपवणं. हाका आणि कारणं यांची ही माळ सांगणाऱ्याला हवी तेवढी लांबवता येते.

इथपर्यंत आपलं एकमत. आता जरा हात वर करा. चिमणीनं शेवटी दार उघडलं आणि कावळ्याला ऊब मिळाली, असं कुणी ऐकलंय? बरेच आहेत. दार उघडलं, पण ‘चुलीपाशी बस’ म्हणून त्याला तापल्या तव्यावर बसवलं आणि तो भाजला? हेही आहेत. आत आल्यावर कावळ्यानं चिमणीचा खाऊ, नाहीतर थेट तिची पिल्लंच फस्त केली? काही हात दिसताहेत. आणि दार उघडलंच नाही? बघा. एकाच गोष्टीचे चार शेवट, आणि चारही शेवटांतून मुलाच्या हाती पडणारी शिकवण पूर्ण वेगळी. पहिल्यात दया, दुसऱ्यात फजिती, तिसऱ्यात सावधगिरी. चौथ्यात काय, ते तुम्हीच ठरवा.

ही गोष्ट किती जुनी आहे? ‘लीळाचरित्र’ हा महानुभाव पंथाचा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तो सिद्ध केला. त्या ग्रंथात ही गोष्ट आहे. म्हणजे मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांमध्ये कावळ्याचं शेणाचं घर उभं आहे. गंमत अशी की तिथे चिमणी नाही, ‘साळै’ आहे. सातशे वर्षांत पक्षी बदलला, पण शेण आणि मेण बदललं नाही. का? कारण त्यांचं यमक जुळतं! तोंडी परंपरेत अर्थापेक्षा नाद जास्त टिकतो. म्हणून गोष्टीतल्या प्रत्येक तपशिलात संदेश शोधायला जाऊ नये. कधी कधी तो तपशील फक्त कानाला गोड लागला म्हणून तिथे असतो.

पण एकदा शेण गोष्टीत आलं की त्याला अर्थ चिकटतोच. आणि तो काळाबरोबर बदलतो. आज शहरातल्या मुलांना ‘शेणाचं घर’ म्हटलं की ती नाक मुरडतात, ‘शीऽऽ’ म्हणून हसतात. ज्या आजीनं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली असेल, तिला शेण घाण वाटत नव्हतं. ती रोज सकाळी अंगणात सडा घालत होती, शेणानं जमीन सारवत होती. शेणमातीनं लिंपलेली कुडाची भिंत हे तिचंच घर होतं. फक्त तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की पावसाचा झोडा लागला की लिंपण धुऊन जातं आणि दरवर्षी पुन्हा हात फिरवावा लागतो. तिच्यासाठी कावळा मूर्ख नव्हता. आपल्यासारखाच होता.

आता नेहमीच्या बोधाकडे येऊ. पाठ्यपुस्तकी भाषेत तो असा सांगितला जातो: ‘कावळा आळशी होता, त्यानं कच्चं घर बांधलं. चिमणी कष्टाळू होती, तिनं पक्कं बांधलं.’ मी म्हणते, गोष्टीत हे आहे कुठे? कावळा आळशी असल्याचा एक शब्दसुद्धा मूळ गोष्टीत येत नाही. घर बांधण्याचा प्रसंगच नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा दोन्ही घरं बांधून झालेली आहेत. मला वाटतं हा बोध दुसऱ्याच एका गोष्टीतून इकडे आलाय. तीन डुकरांची इंग्रजी गोष्ट आठवा, जी जोसेफ जेकब्स यांच्या १८९० सालच्या संग्रहामुळे घरोघरी गेली. गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर. तिथे लांडगा येतो, फुंकर मारतो आणि ज्यानं भक्कम बांधलं तो वाचतो. ती गोष्ट खरोखरच बांधकामाची आहे.

आपल्या गोष्टीत लांडगा नाही. पाऊस आहे, आणि पाऊस कुणाचा वैरी नसतो. आपल्या गोष्टीचा मोठा भाग घर पडल्यानंतर घडतो. कुठे? दारात. एक आत, एक बाहेर, मधे बंद दार. ही घरांची गोष्ट नाही, शेजाऱ्यांची आहे.

मग चिमणी दुष्ट का? थांबा, तिची बाजू घेऊ. आत ती एकटी आहे, पदरात बाळ आहे. बाहेर तिच्यापेक्षा कितीतरी मोठा पक्षी उभा आहे. आणि कावळे लहान पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातात, हे कुठल्याही पक्षीनिरीक्षकाला विचारा. तेव्हा ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते’ हे कारण आहे की बहाणा? दोन्ही असू शकतं. ‘नाही’ असं तोंडावर म्हणायची सोय नसलेल्या बाईनं काढलेला वेळही असू शकतो. मोठ्यांना, त्यातही आयांना, हे पटकन कळतं.

आता कावळ्याची बाजू. गोष्टीत चिमणीला बाळ आहे. कावळ्याचं बाळ कुठे आहे? निसर्गात बघितलं तर उत्तर मोठं मजेशीर आहे. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, आणि कावळे ती उबवतात, पिल्लांना भरवतात. ज्या पक्ष्याला आपण गोष्टीत दाराबाहेर ठेवलं, तो प्रत्यक्षात परक्याचं पोर वाढवतो. त्याला ते कळत नसेल, ते सोडा. पण आपल्याला तरी कळायला हवं.

आणि आपलं वागणंही बघा. मुलाला भरवताना एक घास चिऊचा असतो, एक काऊचा असतो. ताटाशी दोघं सारखे! घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या दिवशी आपण पिंड ठेवून कुणाची वाट बघतो? कावळ्याची. तो येत नाही तोवर सगळे ताटकळतात, गेलेल्याच्या राहून गेलेल्या इच्छा आठवतात, हात जोडतात. गोष्टीत तो दाराशी आपली वाट बघतो, घाटावर आपण त्याची. आणि तरी वर्गातल्या सावळ्या मुलाला चिडवायला कुठला पक्षी आठवतो, ते मी सांगायला नको. म्हणून तव्यावर भाजणाऱ्या कावळ्याचा शेवट मी सांगणं सोडून दिलं. मुलं खूप हसतात, खरंय. पण वर्गात एखादा असा असतो की ज्याला आधीच ‘कावळ्या’ म्हणतात.

या गोष्टीनं मला एकदा चांगलंच गप्प केलं, तो प्रसंग सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला. त्यानंतर काही महिन्यांनी शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी गोष्टी सांगायला गेले होते. पहिली-दुसरीची मुलं. चिऊ-काऊ सांगितली आणि सवयीनं विचारलं, ‘कुणाचं चुकलं?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘कावळ्याचं!’ एक मुलगा बोलला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘आमचं पण घर पडलं. आम्ही दुसऱ्या गावच्या शाळेत राहिलो.’ आणि जरा थांबून, ‘तिथं दार उघडंच होतं.’

मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होते. माझ्या समोर बसलेल्यांत कुणी कावळा असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर मला २६ जुलै २००५ आठवली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत त्या रात्री हजारो लोक रस्त्यात अडकले, आणि किती अनोळखी घरांनी दारं उघडली, चहा दिला, अंथरूण दिलं, हे त्या रात्रीतून गेलेला माणूस अजून सांगतो. त्या घरांतही लहान बाळं असतीलच की.

यावर कुणी म्हणेल, मग गोष्टच बदला, चिमणीला पहिल्या हाकेला दार उघडू द्या. मला ते पटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ही गोष्ट का आवडते? कारण तो त्या गोष्टीतलं बाळ असतो. बाहेर पाऊस पडतोय, कुणी दार ठोठावतंय, आणि आई मात्र आधी मला न्हाऊ घालते, मला पुसते, मला झोपवते. त्या वयात एवढा दिलासा पुरेसा आहे. तो काढून घेऊ नका. पण मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला खिडकीतून बाहेर दिसायला लागतं. कावळा भिजतोय हे त्याच्या ध्यानात येतं. नेमकं त्याच वयात आपण ‘आता मोठा झालास’ म्हणून गोष्ट बंद करतो. चूक तिथे आहे. गोष्ट पुढे न्यायला हवी.

मी काय करते ते सांगते. पावसाळ्यात जुनी गोष्ट सांगते, कारणांच्या माळेसकट. आणि मार्च-एप्रिलमध्ये तिचा पुढचा भाग सुरू करते. वैशाख आला. ऊन मी म्हणायला लागलं. आता सांगा, मेणाच्या घराचं काय होणार? मधमाशीचं मेण पूर्ण वितळायला साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअस लागतात, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं, वाकतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात चिऊताईचं छप्पर टिकेल का? आणि शेणाचं सारवलेलं घर उन्हाळ्यात कसं असतं? गार! आता बाळाला घेऊन चिमणी निघाली, आणि पोचली कावळ्याच्या दाराशी. इथे मी थांबते आणि पुढचं मुलांना सांगायला लावते.

यातून मुलांना पहिली गोष्ट कळते ती अशी की पक्कं घर आणि कच्चं घर हे ऋतूवर ठरतं. आषाढात शहाणी ठरलेली चिमणी वैशाखात बेघर होते. तिची अक्कल तीच असते, हवा बदललेली असते. आपल्या मजबुतीत आपल्या कष्टांचा वाटा किती आणि हवामानाचा किती, हा प्रश्न मोठ्यांनाही झेपत नाही. मुलांना तो मेण आणि उन्हामुळे सहज कळतो.

आणि दारातलं संभाषण? दरवेळी वेगळं होतं. काही मुलं बदला घेतात. कावळा आतून म्हणतो, थांब, मी आंघोळ करतोय, थांब, मी भांग पाडतोय. वर्ग खदाखदा हसतो. हसू द्यावं, हिशेब चुकता झाल्याशिवाय मुलांना पुढे जाता येत नाही. काही जण लगेच दार उघडतात. एका शाळेत एका मुलानं कावळ्याच्या तोंडी वाक्य घातलं, ‘ये आत. पण आधी सांग, तेव्हा एवढा वेळ का लावलास?’ मी चिमणीचं उत्तर मागितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, ‘मला तुझी भीती वाटली.’ आणि कावळा झालेला मुलगा म्हणाला, ‘मला वाटलं तुला ऐकूच येत नाहीये.’

सातशे वर्षं दारातून एकच संवाद चाललाय. हाक आणि कारण, हाक आणि कारण. त्या दोन मुलांनी पहिल्यांदा खरं बोलून टाकलं. त्यानंतर मी काही बोध सांगितला नाही. सांगण्यासारखं उरलंच नव्हतं.

तुम्ही आज घरी गेल्यावर गोष्ट सांगाल तेव्हा एवढंच करा. शेवटी ‘तात्पर्य’ म्हणू नका. ‘कुणाचं चुकलं?’ असं तर अजिबात विचारू नका. ‘तू कुठे होतास? आत की बाहेर?’ एवढं विचारा आणि मूल काय सांगतं ते नीट ऐका.

इथे थांबते. आता तुमच्याकडे कुठला शेवट आहे, तो ऐकायचाय. मघाशी ज्यांनी चौथ्या शेवटाला हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करूया.