आज कंट्रोल कोण?

फॅन्कोनी अ‍ॅनिमियाची शंका असलेल्या मुलाचं रक्त आलं, की आमच्या सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये पहिला प्रश्न हाच. पेशंटच्या रक्तासोबत एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच दिवशी लावायचं असतं. कुणीतरी बाही वर करतं. माझी नस पटकन सापडत नाही, त्यामुळे मी बहुधा सुटतो.

फॉर्मवरचा मजकूर ओळखीचा असतो. प्लेटलेट कमी, वयाच्या मानाने उंची कमी, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, एखादा अंगठा बारका किंवा नाहीच. आईवडिलांच्या नात्याच्या रकान्यात कधी 'मामाची मुलगी'. ग्विडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने १९२७ मध्ये तीन भावांमधला हा आजार नोंदवला, तेव्हा डीएनएच्या दुरुस्तीबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो इजा होतात आणि बहुतेक तिथल्या तिथे भरूनही निघतात. या मुलांचं अडतं ते एका विशिष्ट इजेपाशी. डीएनएचे दोन धागे एकमेकांना घट्ट चिकटले, की पेशीला विभागताना ते सुटे करता येत नाहीत. हा गुंता सोडवायला वीसहून अधिक जनुकं राबतात. त्यातल्या एकाच्या सहसा दोन्ही प्रती बिघडल्या, की काम ठप्प. बीआरसीए-२ हे त्यातलंच एक: एक प्रत बिघडली तर स्तनाच्या नि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, दोन्ही बिघडल्या तर फॅन्कोनी.

नुसत्या रक्तात हा दोष नीट दिसत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम इजा करतो. कल्चरमध्ये मायटोमायसिन सी घालतो. कॅन्सरवरचं हे जांभळट औषध नेमके धागेच चिकटवतं. ३७ अंशांवर ७२ तास. शेवटी कोल्सेमिड घालून पेशींना विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवायचं, क्षाराच्या पातळ द्रावणात फुगवायचं, मिथेनॉल नि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये स्थिर करायचं. मग पिपेटने गार, ओल्या काचेवर वरून थेंब सोडायचा. गुणसूत्रं छान पसरली की अर्धी लढाई जिंकली. पावसाळ्यात हवा दमट असली, की हाच थेंब रुसतो.

जिम्सा हा रंग लावून शंभरच्या लेन्सखाली तेलाचा थेंब. कंट्रोलच्या पेशीत ४६ गुणसूत्रं शाबूत, क्वचित एखादी चीर. पेशंटच्या पेशीत तुकडेच तुकडे, आणि त्यांत रेडियल: दोन वेगवेगळी गुणसूत्रं भलत्या जागी सांधली जाऊन झालेली चार हातांची आकृती. दुरुस्ती झालेली असते, पण चुकीची. स्लाइडवर नाव नसतं, फक्त नंबर. पण दोन-चार पेशींतच कळतं कोण कोण आहे. तरी मोजायचं सगळं. फसवणारा प्रकार वेगळाच: एक पेशी चिंध्या, शेजारची स्वच्छ. कधीकधी एखाद्या मूळ पेशीत बिघाड आपोआप सुधारतो आणि तिचीच प्रजा रक्तात वाढते. अशा वेळी त्वचेच्या पेशी मागवाव्या लागतात.

रिपोर्टची घाई उपचारासाठी. बोन मॅरो ट्रान्सप्लांटपूर्वीची नेहमीच्या मात्रेतली औषधंही हेच धागे चिकटवतात आणि या मुलांच्या जिवावर बेततात. मात्रा बरीच उतरवावी लागते. दाता म्हणून भावंडाचं रक्तही आमच्याकडेच येतं. अगदी ठणठणीत दिसणाऱ्या थोरल्या भावाच्या स्लाइडवर रेडियल निघालेले मी पाहिले आहेत. मग दाता दुसरीकडे शोधायचा, आणि त्या भावाचीही फाइल उघडायची.