प्रवेशाचे पत्र आणि मुक्कामाचे गणित

२०२३ साली शिक्षणाचे कारण सांगून ८,९२,९८९ भारतीय देशाबाहेर गेले. २०२४ साली हा आकडा ७,५९,०६४ झाला, म्हणजे एका वर्षात पंधरा टक्के घट. परदेशी शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांची रिझर्व्ह बँकेची आकडेवारीही त्याच दिशेने जाते: २०२१-२२ मध्ये सुमारे ५१७ कोटी डॉलर, २०२४-२५ मध्ये सुमारे २९२ कोटी. पुण्यात मात्र फर्ग्युसन रस्त्यावरून किंवा जंगली महाराज रस्त्यावरून फिरताना ही घट जाणवत नाही. प्रवेश मिळवून देणाऱ्यांच्या पाट्या तशाच आहेत आणि कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपळे सौदागर इथल्या घरांत 'एमएसला पाठवायचे का' हा प्रश्नही तसाच आहे.

प्रवेश मिळणे आणि तिथे राहता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी जागा लाखांनी आहेत, दुसऱ्यासाठी मोजक्या. जाहिरात पहिल्याची होते, कर्ज मात्र दुसऱ्याच्या भरवशावर काढले जाते. म्हणून दुसऱ्याचे आकडे आधी पाहायला हवेत.

सुरुवात अमेरिकेपासून करू. तिथल्या 'ओपन डोअर्स' या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, आदल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त. ही बातमी आपल्याकडे आनंदाने छापली गेली. पण याच आकड्यात १,४३,७४० जण ओपीटीवर होते. म्हणजे त्यांचे वर्ग संपलेले आहेत आणि ते ठरावीक मुदतीच्या परवान्यावर नोकरी करत आहेत किंवा शोधत आहेत. हा गट एका वर्षात सत्तेचाळीस टक्क्यांनी वाढला आणि प्रत्यक्ष पदव्युत्तर वर्गात बसलेल्यांची संख्या जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली. एकूण आकडा वाढला तो नव्याने जाणाऱ्यांमुळे नाही. आधी गेलेले पुढच्या टप्प्यावर येऊन थांबले, म्हणून तो वाढला.

त्यांचा पुढचा टप्पा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. ओपीटी एक वर्षाचे, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षे. या तीन वर्षांत साधारण तीन वेळा लॉटरीत नाव टाकता येते. जागा वर्षाला ८५,०००. त्यातल्या ६५,००० सर्वांसाठी आणि २०,००० अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी राखीव. मार्च २०२३ मध्ये ७,५८,९९४ पात्र नोंदण्या झाल्या आणि १,८८,४०० निवडल्या गेल्या, म्हणजे चारांत एक. एकाच उमेदवाराची अनेक कंपन्यांकडून नोंदणी व्हायची, तिला पुढच्या वर्षी आळा बसला. नंतर नोंदणीची फी १० डॉलरवरून २१५ डॉलर झाली. मार्च २०२५ मध्ये पात्र नोंदण्या ३,४३,९८१ वर आल्या आणि निवड १,२०,१४१ झाली. आता तिघांत एकाला संधी, असे वाटून लोक सुखावले.

हे गणित नीट मांडून पाहा. दर वर्षी तिघांत एक संधी असेल, तर तीन प्रयत्नांनंतरही शंभरांपैकी तीस जण बाहेर राहतात. आणि हा हिशोबही जुना झाला. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लॉटरी पगाराच्या पातळीनुसार होते: चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या उमेदवाराचे नाव चार वेळा टाकले जाते, पहिल्या पातळीचे एकदाच. अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार पहिल्या पातळीची संधी जवळजवळ निम्मी होऊन पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. त्या दराने तीन वर्षे प्रयत्न केले तर शंभरांपैकी साठ-एकसष्ट जणांना एच-वन लागत नाही. नुकताच पदवी घेतलेला, अनुभव नसलेला मुलगा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवरच असतो. ज्याने इथे चार-पाच वर्षे नोकरी करून मग एमएस केले, त्याचे पारडे या नियमाने जड झाले आहे. बीई झाल्याझाल्या निघणाऱ्यांनी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

घरोघरी सल्ला देणारे एक काका किंवा मामा असतात. त्यांची कळकळ खरी असते, पण आकडे त्यांच्या काळचे असतात. २००१ ते २००३ या काळात एच-वनच्या जागा वर्षाला १,९५,००० होत्या. त्याच्याही आधी, अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर, बी. जे. मेडिकल किंवा सीओईपीतून गेलेल्या पिढीला ग्रीन कार्डासाठी आजच्यासारखी रांग नव्हती. आज ती अशी आहे: नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्केच. ऑक्टोबर २०२५च्या व्हिसा बुलेटिनमध्ये पदव्युत्तर पात्रतेच्या वर्गात भारतीयांसाठी तारीख होती १ एप्रिल २०१३. त्याआधी ज्यांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, होती त्यांनाच पुढे जाता येत होते. साडेबारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेला माणूसही अजून उभाच होता. आणि आज लागणाऱ्याला तेवढीच वर्षे लागतील, अशी हमी कोणी देत नाही. पाच वर्षांचे मूल घेऊन गेलेल्या जोडप्याला त्या मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाची काळजी असते, कारण त्यानंतर ते आईवडिलांच्या अर्जातून सुटते.

हिंजवडीतून थेट कंपनीच्या एच-वनवर जाण्याचा जुना रस्ता तर आणखी महाग झाला. १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेने अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. डॉलरला नव्वद रुपये धरले तर नव्वद लाख. तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-वनवर जाणाऱ्यांना तो लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. त्यामुळे शिक्षणाचा मार्ग पुन्हा आकर्षक वाटू लागला, पण लॉटरी दोघांनाही चुकत नाही.

आणखी एक अडचण अशी की तिच्यावर फारसे कोणी बोलत नाही. पुण्याचा विद्यार्थी मुलाखतीला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जातो. एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा परत येणाऱ्यांचा आहे. शिकून परत येईन, हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे, नाहीतर तिथेच नकार. त्याच सकाळी त्याच्या फायलीत जे कर्जमंजुरीचे पत्र असते, ते मात्र परत न येण्याच्या हिशोबावर उभे असते.

हे कर्ज जवळून पाहू. चाळीस लाख रुपये, व्याज अकरा टक्के, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढे सहा महिन्यांची सवलत. वडील सहकर्जदार, राहता फ्लॅट तारण. वीस लाख सुरुवातीला उचलले आणि वीस लाख एका वर्षाने. हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच आठ लाख ऐंशी हजार चढतात. मग ४८ लाख ८० हजारांची दहा वर्षांत फेड करायची, तर महिन्याचा हप्ता साधारण ६७ हजार रुपये. डॉलरमध्ये हे सुमारे साडेसातशे. तिथे नोकरी असेल तर फारसे जड नाही. पण परत यावे लागले तर? पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपन्यांत नवा पदवीधर वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास लागतो, म्हणजे महिन्याला तीस हजारांहून कमी. एमएसमुळे दुप्पट मिळाले तरी सगळा पगार हप्त्यातच जाईल. शिवाय फी डॉलरमध्ये असते. २०२२च्या सुरुवातीला डॉलर पंचाहत्तर रुपयांच्या घरात होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. फी एका डॉलरनेही न वाढता ती रुपयांत वीस टक्के महागली.

चलन घसरले की काय होते, हे नायजेरियाने पाहिले. २०२२ साली ब्रिटनने विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना जे व्हिसा दिले, त्यांत नायजेरियन पहिले होते, साठ हजारांहून अधिक. भारतीय दुसरे, एकोणचाळीस हजारांच्या आसपास. जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडला गेला आणि डॉलरला सुमारे ४७० नायरा असलेला भाव पुढच्या वर्षी दीड हजारांच्या आसपास गेला. फी थकली म्हणून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने काही नायजेरियन विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली आणि त्यांना देश सोडण्याचे आदेश आले. त्यांच्या आईवडिलांनी इथल्या आईवडिलांसारखीच साठवणूक मोडली होती. जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून बाकी अभ्यासक्रमांना कुटुंब नेण्याची सोयही बंद झाली, ती पुणेकरांनाही लागू आहे.

ब्रिटनचे बाकीचे आकडे थोडक्यात. पदवीनंतर दोन वर्षे राहता येते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, पीएचडीवाल्यांना तीन. कुशल कामगार व्हिसासाठी किमान पगार एप्रिल २०२४ पर्यंत २६,२०० पौंड होता, मग ३८,७०० झाला आणि जुलै २०२५ पासून ४१,७०० आहे. नव्याने नोकरीत शिरणाऱ्यांना ३३,४०० ची सवलत आहे, पण ती जास्तीत जास्त चार वर्षे आणि पदवीनंतरचा काळ त्यातच धरला जातो. कायम वास्तव्याची मुदत पाचावरून दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२५ मध्ये मांडला.

कॅनडाचा विषय लवकर संपतो. राहण्याच्या खर्चासाठी आधीच बँकेत ठेवावी लागणारी जीआयसीची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २२,८९५ वर गेली. झटपट मंजुरीची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. २०२६ साठी नव्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य १,५५,००० आहे, आदल्या वर्षी ते ३,०५,९०० होते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांचे ७४ टक्के अर्ज नाकारले गेले, दोन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात ३२ टक्के नाकारले होते.

जर्मनीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पुण्याचे जर्मनशी नाते जुने आहे. बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्स म्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट यांनी इथल्या कित्येक पिढ्यांना जर्मन शिकवले आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, पुढच्या वर्षी जवळजवळ साठ हजार. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शंभर रुपयांच्या भावाने बारा लाखांच्या आत, आणि ते विद्यार्थ्यालाच महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात. नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांची एपीएस तपासणी सक्तीची आहे.

शिक्षणानंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. लॉटरी नाही. २०२६ साठी ब्लू कार्डाची, म्हणजे कुशल नोकरदारांच्या वास्तव्य परवान्याची, वार्षिक पगारमर्यादा ५०,७०० युरो आहे. तुटवड्याच्या क्षेत्रांना आणि नव्या पदवीधरांना ४५,९३४. ब्लू कार्डावर एकवीस महिने काम आणि बी-वन पातळीची जर्मन असेल तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-वनच असेल तर सत्तावीस महिन्यांनी. सहा महिन्यांचा हा फरक सर्वस्वी भाषेचा आहे, आणि तो पुण्यात बसून कमी करता येतो. अमेरिकेच्या रांगेतली साडेबारा वर्षे कोणत्याही मेहनतीने कमी होत नाहीत.

अर्थात इथेही बातमीचा आकडा आणि हातातली नोकरी यांत अंतर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याची तयारी दाखवली. ही वरची मर्यादा आहे, नव्वद हजार नोकऱ्या तयार आहेत असे नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला तेव्हा नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा मुलामुलींच्या घरी मोठी आशा निर्माण झाली. या कामांसाठी जर्मन आलीच पाहिजे आणि नोकरीयोग्य जर्मन दोन-तीन महिन्यांत येत नाही. 'भाषा तिथे गेल्यावर शिकाल' म्हणणाऱ्या एजंटाकडे पाठ फिरवावी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालची नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. विद्यार्थ्यांच्या सल्लागारांना मात्र हा कायदा लागत नाही. प्रवेश मिळवून दिल्याबद्दल अनेक विद्यापीठे त्यांना कमिशन देतात. तुम्ही तिथे राहू शकलात का, याच्याशी त्यांच्या कमाईचा संबंध नसतो.

कर्जाशिवायचा एक मार्ग पुण्यातूनच सुरू होतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी ७५ जागा देते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. इतर मागास, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या गटासाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. लाखांच्या तुलनेत या जागा थोड्या आहेत, त्या वाढायला हव्यात. पण त्यांतून गेलेल्या मुलीच्या डोक्यावर ६७ हजारांचा हप्ता नसतो. त्यामुळे परत यायचे की राहायचे, हे तिला खरोखर स्वतः ठरवता येते.

ज्यांना कर्ज काढूनच जायचे आहे, त्यांना माझे एकच सांगणे आहे. प्रवेशाची अनामत भरण्याआधी हप्त्याची रक्कम काढा आणि परत येऊन पुण्यात मिळू शकणाऱ्या पगाराशेजारी ती लिहा. त्या पगारातून हप्ता फिटत नसेल, तर तारणाच्या कागदावर सही करू नका. देश बदला, अभ्यासक्रम बदला किंवा दोन वर्षे नोकरी करून मग जा.