पार्किंगमध्ये डेंट? आधी हिशेब!

एफसी रोडवर कॉफी पिऊन परतले, तर पार्क केलेल्या माझ्या गाडीचा दरवाजा चेपलेला! ठोकणारा पसार. रागाच्या भरात मी तडक क्लेम टाकला आणि तिथेच फसले. सलग ५ वर्षं क्लेम न केल्यामुळे ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारा ५० टक्के 'नो क्लेम बोनस' एका डेंटपायी गेला!

तुम्ही असं करू नका. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. शेजारच्या दुकानातलं सीसीटीव्ही फुटेज लगेच मागा, काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज घ्या. बोनसपेक्षा कमी? खिशातून भरा. बराच जास्त? विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेयर बघून जाईपर्यंत दुरुस्ती नको. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मात्र क्लेम विसराच!