गांजामहालाची माती

राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या उत्तर बंगालच्या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडत, तेथे नौगाव या ठाण्याभोवती पसरलेल्या एका आटोपशीर मुलखाला एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत ‘गांजामहाल’ असे नाव होते. परवान्यावाचून तेथे एक रोपही लावता येत नसे, आणि तयार झालेला माल अबकारी खात्याच्या देखरेखीखालील कोठारांत जमा होऊन महसुलाची व्यवस्था लागल्याखेरीज प्रांतातील दुकानांपर्यंत पोहोचत नसे. या बंदोबस्तापायी एक अनपेक्षित लाभ मात्र घडून आला. ज्या पिकावर सरकारचा मोठा महसूल अवलंबून होता, त्याची जमीन कोणती, नांगरट केव्हा, लावणी कशी, खत कशाचे, या सर्वांची चौकशी अशा काटेकोरपणे झाली, की भाताखेरीज तशी चौकशी बंगालमधील फारच थोड्या पिकांच्या वाट्याला आली असेल. 1877 साली डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर यांनी या लागवडीवर व व्यापारावर विस्तृत अहवाल लिहिला. 1893 साली डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, जो पुढे लंडनजवळच्या क्यू येथील शाही उद्यानाचा संचालक झाला, त्याच विषयाची शास्त्रीय बाजू मांडली. आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झालेल्या प्रश्नावरून भारत सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर फिरून 1193 साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या व 1894 साली आपला सात खंडांचा अहवाल सादर केला. गांजाच्या परिणामांविषयी या आयोगाने काय म्हटले, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. त्याच पानांत शेतकऱ्याच्या हातची जी विद्या नोंदलेली आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि ही उपेक्षा मला खरोखर खेदकारक वाटते.

त्या विद्येचा आरंभ जमिनीच्या निवडीपासून होतो. उत्तर बंगालचा शेतकरी आपल्या जमिनीचे ढोबळमानाने दोन भाग करी: नद्यांच्या गाळाने बनलेली हलकी, रेताड ‘पलि’, आणि वरिंद या उंच पठारावरची लालसर, चिकट ‘खियार’. खियारीत भात उत्तम येई. गांजाला मात्र पलिच हवी असे. शेत भोवतालच्या भूमीपेक्षा थोडे उंच असावे, पावसाचे पाणी त्यात तुंबू नये, आणि झाडांची किंवा बांबूच्या बेटांची सावली त्यावर पडू नये, या अटी तो कसोशीने पाळी. हे झाड सोटमुळाचे आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या घट्ट मातीत त्याच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. उलट निव्वळ रेतीत ओलावाही टिकत नाही व अन्नद्रव्येही टिकत नाहीत. सुमारे 6 ते 7 सामू असलेली, भुसभुशीत व सेंद्रिय द्रव्यांनी युक्त पोयट्याची जमीन त्याला सर्वोत्तम, असे आजचे कृषिशास्त्र सांगते. सामू मोजण्याचे साधन ज्याच्यापाशी नव्हते त्या माणसाने केवळ हाताच्या व डोळ्यांच्या पारखीने तीच जमीन निवडली होती.

निवडलेली जमीनही जशीच्या तशी उपयोगी पडत नसे. चैत्रापासून तिची वारंवार नांगरट होई, शेणखत पडे, आणि भोवतालच्या चरांतील ताजी माती उपसून शेतावर पसरली जाई. आमच्याकडे तळ्यातला गाळ शेतात नेऊन टाकतात, त्यासारखेच हे कार्य होय. एकाच शेतात लागोपाठ दोन वर्षे गांजा घेण्याचे जाणता शेतकरी टाळी. बेवडाचे महत्त्व ज्याला कळते, त्या मराठी शेतकऱ्याला याचे कारण सांगावयास नको.

लावणीचा प्रकार तर विशेष मननीय आहे. बियाणे प्रथम वेगळ्या, उंचावरच्या वाफ्यात श्रावणाच्या सुमारास पेरीत, आणि पावसाचा जोर ओसरून मातीला वापसा आला, म्हणजे सप्टेंबरात वीतभर उंचीची रोपे उपटून मुख्य शेतातील वरंब्यांवर लावीत. सोटमुळाचे झाड मोठे झाल्यावर हलविले, तर मुळांचे तंतू तुटतात, पानांतून उडणारे पाणी भरून काढण्याचे सामर्थ्य उरत नाही आणि झाड कोमेजते. म्हणून स्थलांतर कोवळ्या वयातच उरकावयाचे. पुढे रोपे धरली, की वरंबे मोडून मुळाशी पेंड व शेणखत घालीत आणि माती पुन्हा चढवीत. खालच्या फांद्या छाटून वरच्या फुलोऱ्याला वाव देत.

परंतु सप्टेंबरच का? याचे उत्तर पॅरिसमधील ज्यूलियन तूर्नवा या तरुण संशोधकाच्या प्रयोगांत सापडते. 1912 च्या सुमारास त्याने दाखवून दिले, की अंबाडीसारखी पाने असणारे हे झाड दिवस लहान झाले म्हणजे फुलते; वयाला किंवा उंचीला येथे दुय्यम स्थान आहे. हा संशोधक 1914 च्या महायुद्धात मारला गेला, आणि 1920 साली गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तोच सिद्धान्त व्यापक रूपात मांडून कीर्ती मिळविली. नौगावास सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिवस बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात साडेदहा तासांच्या आसपास उतरतो. म्हणून तेथे लावलेले रोप उंचीत शक्ती न दवडता लवकरच फुलोऱ्याला लागे. याच्या उलट स्थिती कॅनडात दिसते. तेथे 2018 च्या कायद्याने घरटी चार झाडांची मुभा बहुतेक प्रांतांत दिली. थंडीमुळे लोक रोप घरात दिव्याखाली वाढवितात आणि हिमाचे भय संपल्यावर अंगणात नेतात. जूनमध्ये टोरांटोचा दिवस साडेपंधरा तासांना टेकतो, त्यामुळे झाड फुलण्याऐवजी माणसाच्या डोक्यावर जाते. घरातील मंद प्रकाशात वाढलेली पाने कोवळी असतात आणि उघड्या उन्हात एकाएकी करपतात. म्हणून आठवडाभर ते झाड प्रथम सावलीत, मग थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून सरावू द्यावे लागते. उंच झाड हलविण्याचा हा सारा खटाटोप नौगावच्या शेतकऱ्याने योग्य महिना निवडूनच टाळला होता.

नोव्हेंबरात ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ शेतात येई. या वनस्पतीत नर व मादी झाडे वेगळी असतात. नराचे पराग वाऱ्याने उडून मादीवर पडले, की तिची सारी शक्ती बी धरण्यात खर्च होते आणि राळ कमी उतरते. फुले उमलण्यापूर्वीच नर ओळखून मोडून टाकणे हे या पारख्याचे काम. वाऱ्याला बांध नसतो. एका शेतकऱ्याने हयगय केली तर शेजाऱ्याचे पीकही बिघडणार. सारा महाल एकाच मर्यादेत असण्यामागे महसुलाची सोय होती हे खरे, पण परागांच्या दृष्टीनेही ती रचना हितावहच ठरली असावी असे मला वाटते. 1917 साली नौगावच्या उत्पादकांनी आपली सहकारी संस्था काढली; त्या संस्थेमागे हा परस्परावलंबनाचा जुना अनुभव असला पाहिजे.

मुंबई इलाख्यात या लागवडीचे मुख्य क्षेत्र अहमदनगर जिल्हा होते, आणि मध्य प्रांतात निमाडातील खांडव्याचा माल प्रसिद्ध होता. काळी भारी जमीन आपल्या दख्खनचे वैभव खरे, पण पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते. अशा ठिकाणी या झाडाला निचऱ्याची, मुरूममिश्रित मध्यम जमीनच मानवणार.

मातीच्या निवडीला आज आणखी एक कारण जोडले गेले आहे. हे झाड भूमीतील कॅडमियम, निकेल आदी जड धातू मुळांवाटे शोषून घेते. याच गुणामुळे 1990 नंतरच्या दशकात युक्रेनमधील चेर्नोबिलच्या दूषित भूमीवर त्याचे प्रयोग झाले. जो गुण भूमीच्या शुद्धीला उपकारक, तोच झाडाच्या उपयोगाला घातक. कारखान्यांच्या सांडपाण्याने भिजलेल्या जमिनीत याचे बी वा तेल काढणे म्हणजे विष गोळा करणे होय.

नौगावची लागवड 1987 साली थांबली. भारतात 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यावाचून कुंडीतले एक झाडही शिक्षेस पात्र ठरते. मात्र त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात धागा, बी व उद्यानकर्म यांसाठी परवानगीची वाट ठेवलेली आहे. 2018 साली उत्तराखंडाने त्या वाटेने प्रथम पाऊल टाकले आणि मादक द्रव्याचे प्रमाण 0.3 टक्क्यांहून कमी असलेल्या वाणांना परवाने दिले. कुमाऊँ-गढवालात भांगेच्या बियांची चटणी आणि तिच्या सालीचे जाडेभरडे ‘भंगेला’ वस्त्र फार जुने. धाग्यासाठी बी दाट पेरतात, म्हणजे फांद्या फुटत नाहीत आणि सरळ, उंच काठी मिळते. नर उपटण्याचे कारण नसते, लावणीही नसते. नौगावचे जवळजवळ सारेच नियम येथे उलटे होतात, जमिनीचा मात्र नाही: पहाडी शेतकऱ्यालाही पाणी न साचणारी, खताने पोसलेली, उन्हाची जमीनच शोधावी लागते.